मार्फत

महाप्याच्या तिसऱ्या मजल्यावर, खिडकी नसलेल्या खोलीत
कार्ड आलं, तेव्हा त्याच्या पाठीवर एक पोर्ट होतं,
तोंडाला पिवळं रबरी टोपण.
इंगवले सर म्हणाले, टोपण राहू दे.
आतल्या आत नेटवर्क करू.
वायर नको, स्विचवर जागा नको,
यजमान सर्व्हर आहे की पोचवायला.

आभासी इथरनेट म्हणजे
मदरबोर्डच्या तांब्याला सांगायचं,
तू केबल आहेस असं समज.
आणि ते समजतं.

मला ठाऊक आहे हा पत्ता.
कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला,
तीन वर्षं माझं टपाल यायचं
'मार्फत सौ. नलिनी टिपणीस'.
बँकेचं पाकीट, पासपोर्ट, मावसबहिणीची पत्रिका,
सगळं आधी त्यांच्या टीपॉयवर.
उघडत नसत कधी. फक्त
त्या पेणला गेल्या की
मी कुणालाच सापडत नसे.

हे मीटिंगमध्ये बोलले नाही.
मीटिंगमध्ये आकडे बोलले:
उशीर इतके मायक्रोसेकंद,
यजमानाचे दोन कोअर नुसत्या पोस्टमनगिरीत.
दुसऱ्या बाजूला वेगळी केबल, वेगळा आयपी,
सुरक्षेवाल्यांची वेगळी सही,
आणि स्विचवरचं एकवीस नंबरचं भोक, शेवटचं.
सर म्हणाले, स्वस्त काय ते सांग.
सांगितलं.

कार्ड खाडीचं गणित करायचं.
भरती कुठवर, धारण तलावात पाणी किती,
झडपा कधी मिटायच्या.
आश्विनातल्या अमावास्येला, रात्री दोन चाळीसला
यजमान गोठला.
कार्ड नाही गोठलं.
सकाळी त्याचा लॉग उघडला तर
बसलं होतं रात्रभर उत्तरं काढत,
दशांशाच्या सहाव्या घरापर्यंत बरोबर,
आणि प्रत्येक उत्तराखाली तीच ओळ:
पाठवता आलं नाही.
पाठवता आलं नाही.

केबलिंगचे हिराजी मढवी, घणसोलीचे,
टोपण बघून हसले.
'माजा आजा उघाडीवर बसाचा, म्याडम.
खाराच्या बांधाला येकच भोक,
पन ज्याचा त्याचा.
पानी शेजाऱ्याला इचारून येत नाय.'
मग गुडघ्यावर बसून आठ तारा
रंगवार लावल्या, क्रिंपर दाबला,
एकदाच, कट्‌.

आता कार्डाला दोन वाटा.
रोजचं बोलणं अजून आतूनच जातं, मार्फत,
सरांची बचत सरांकडे.
एकवीस नंबरचा हिरवा दिवा
बहुतेक वेळ नुसता जागा असतो.

टोपण माझ्याकडे आहे, किल्ल्यांच्या जुडग्यात.
गेटवर तपासणीत रोज विचारतात, हे काय?
रोज काहीतरी वेगळंच सांगते.