हजेरी

अमशीर महिन्याची सतरा तारीख.
वारा असा, की चहात साखर विरघळते
आणि वाळू तेवढी तळाशी उरते.
मी वही उघडतो.
हजर : रईस सनूसी, त्याचे दोघे पुतणे,
कुफ्तहून आलेले अकरा जण,
टोपल्या वाहणारी पोरं एकोणतीस.
गैरहजर : शहाता. विंचू चावला.
गैरहजर : दाहरूग. बायको अडलीय.

सोळावी पायरी काल लागली होती.
आज भिंत.
सनूसीनं चुन्याला कान लावला,
सुईण पोटाला लावते तसा,
आणि हळूच म्हणाला, "पोकळ आहे."
मग कुणीच बोललं नाही.
खाली उसाच्या गाडीचं एक गाढव
तेवढं सगळ्यांच्या वतीनं ओरडलं.

पहिला दगड निघाला तेव्हा
आतून जी हवा आली
ती मला वाटली होती तितकी म्हातारी नव्हती.
तिला वास होता बंद कणगीचा,
कोरड्या कोंड्याचा.
एवढी वर्षं कोंडलेली ती हवा
माझ्या डोळ्यांदेखत अमशीरच्या वाऱ्यात शिरली
आणि मला निरोपसुद्धा घेता आला नाही.

कैरोहून आलेल्या इन्साफबाई पोटावर सरपटत आत गेल्या.
दिवा आधी, मग त्या,
मग त्यांची एक चप्पल मागे राहिली.
आम्ही बाहेर श्वास मोजत उभे.
सोनं?
नाही.
शवपेटी?
आहे. झाकण कुशीवर पडलंय.
आत?
आत चोरांनी विसरलेली दोरी.

भिंतीवर राजाच्या नावाभोवतीची लंबगोल चौकट
अजून निळी, अजून ओली वाटावी अशी,
पण मधलं नाव कुणी छिन्नीनं खरवडून काढलेलं,
घासून घासून, मन लावून.
इतका राग धरायला
माणूस जवळून ओळखावा लागतो.

आणि कोपऱ्यात, फुटक्या रांजणापाशी,
इवलीशी हाडं, शेपटी गुंडाळून घेतलेली.
डोंगर पोखरला
आणि खरोखरच उंदीर निघाला.
पोरं हसून हसून पायऱ्यांवर बसली.
बाईंनी मात्र त्याला क्रमांक दिला : चार.
राजाला देता आला नव्हता.

दुपारी एक खापरी बाहेर आली, तळहाताएवढी.
काळी शाई, घाईचं अक्षर.
बाई ती उन्हाकडे तिरकी धरून
शब्द चाचपडत वाचू लागल्या :
नख्तमिन, गैरहजर. विंचू.
पेनबुय, गैरहजर. घरी बीअर गाळतोय.
अमेनवा, गैरहजर. आईला गुंडाळतोय.
अमेनवा, गैरहजर. आईला गुंडाळतोय.
अमेनवा...
आणि तिथं खापरी फुटलेली.

मी माझी वही पाठीमागे धरली,
का ते माहीत नाही.
कुणीतरी असाच सावली शोधत बसला असेल,
बोटाला शाई, दातांत वाळू,
आणि वरच्यांना सगळं नीट लागत असेल.
सनूसीनं खाकरून विचारलं,
"त्या अमेनवाचे दिवस कापले का हो?"
बाई म्हणाल्या, "कळायला मार्ग नाही."
"कापले असणार," तो म्हणाला
आणि फावडं उचलून
नसलेला ढिगारा ओढत राहिला.

संध्याकाळी पलीकडे लक्सरचे दिवे लागले.
मोठ्या गाड्या आल्या, मोठे लोक उतरले,
चौकटीसमोर उभे राहून फोटो काढून गेले.
पोरं टोपल्या पालथ्या घालून त्यांवर झोपली.
दाहरूगचा निरोप आला : मुलगी. दोघी ठीक.
शहाताचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलाय म्हणे,
पण तो शिव्या देतोय, म्हणजे वाचेल.

सनूसी माझ्याजवळ बसला.
वहीकडे न बघता म्हणाला, "मग?"
मी खोडरबर काढलं.
शहाता : हजर.
दाहरूग : हजर.

पुढे कधी कुणाला ही वही सापडलीच
तर सापडू दे
त्यात एवढं एक खोटं.