अभिप्राय पत्रक

शिक्षण परिषद, करमटोला केंद्र, मार्चचा तिसरा शनिवार.
आधी सहीची वही, मग आलूबोंडा,
मग दीपप्रज्वलन,
आणि काडेपेटी कुणाच्याच खिशात नसते, दर महिन्याला.
शेवटी पोषण आहाराच्या चुलीतून
सुगरताबाई जळतं लाकूडच घेऊन येते.
टाळ्या.

दुपारची एसटी पेपर टाकून जाते.
जिल्हा पुरवणी आमच्यात पानापानानं वाटली जाते.
मी तिसरं पान घेते, आम्ही तिथंच असतो,
वाघाच्या खाली, धानखरेदीच्या जाहिरातीच्या वर:
‘कमी पटाच्या शाळांचे समायोजन, यादी तयार.’
यादी नाही. नुसताच आकडा.
आलूबोंड्याचे तेलकट हात पुसत
प्रत्येक जण मनात आपला पट मोजतो.
माझा अकरा.
त्यातले दोघं तेंदूच्या दिवसांत नसतात,
एक छत्तीसगडात मामाकडे गेली ती आलीच नाही,
तिची पाटी अजून माझ्या कपाटात आहे,
म्हणून मी तिला मोजते.

तालुक्याहून आलेले हरदुले सर,
कडक इस्त्री, अडतीस स्लाइड.
चौथीवर आले, ‘मूल चित्र पाहून...’
आणि लाइट गेली.
मूल चित्र पाहून काय करतं
ते भिंतीवरून पुसलं गेलं.

“लाइनमनचा फोन लागते का जी?”
“लागते. उचलत नाही.”

तेव्हा मागच्या बाकावरून भेंडारकर गुरुजी उठले.
एकतीस तारखेला निवृत्त होणार,
इतक्या वर्षांत परिषदेत ‘हजर’ सोडून शब्द नाही.
डायरीतून त्यांनी घडी पडलेला कागद काढला,
खिडकीपाशी गेले, उजेडासाठी.

“दुसरीचा पेपर आहे. ब्याण्णव सालचा.
चित्र पाहा, शब्द लिहा.
पाण्याच्या चित्राखाली
रैनी मडावीनं लिहिलं, येर.
मी फुली मारली.
घराखाली, रोन. फुली.
सगळ्या फुल्या. खाली शेरा, लक्ष नाही.
मी वर्ध्याकडचा, मला काय माहीत.
सात वर्षांनी बोअरवेलवर एक म्हातारी
माझ्यापुढं लोटा धरून म्हणाली, येर.
मी प्यालो नाही जी. तसाच घरी आलो,
पेटीतले जुने गठ्ठे काढले.”
कागदाची घडी त्यांनी पहिल्याच खुणेवर घातली.
“दहापैकी दहा होते पोरीला.”

ते बसले. बाक करकरला.
कुणीतरी उगाच मोबाइल पाहिला.
आणि लाइट आली.
भिंतीवर उरलेलं वाक्य परत उगवलं:
‘...शब्द सांगते.’
हरदुले सरांनी पाचवी स्लाइड लावली नाही,
बराच वेळ.

चार वाजता अभिप्राय पत्रकं.
‘आजच्या प्रशिक्षणातून आपण काय शिकलात? पाच ओळींत लिहा.’
एकोणीस वर्षं मी लिहीत आले,
प्रशिक्षण अत्यंत प्रेरणादायी होते,
शेजारणीचं पाहून, तीही माझं पाहून.
आज पेन टेकवलं
आणि पहिल्याच ओळीत अडले.
केंद्रप्रमुख म्हणाले, “मॅडम, कोरं काहून?
वर पाठवायचं आहे ना!”
मी सही तेवढी केली.

मंगळवारी तिसऱ्या पानावर आम्ही:
‘शिक्षण परिषद उत्साहात संपन्न.’
मार्गदर्शक हरदुले सर, आभार अमुक, अल्पोपाहार तमुक.
फोटोच्या कडेला एक कोपर,
बाह्या दुमडलेलं. त्यापुढं फोटो संपतो.

मी ते पान शाळेत नेलं.
अकरा पोरं, म्हणजे त्या दिवशी आठ.
फळ्यावर घागर काढली, खाली लिहिलं, येर,
आणि मोठ्यानं वाचलं.
आधी शांतता. मग खुसुखुसु.
मग सोमारू कुमरे, जो सप्टेंबरपासून
माझ्यासमोर एक अक्षर बोललेला नाही,
उठून माझ्याजवळ आला.
“असं नाही मॅडम. जीभ अशी.”

चार वेळा म्हणवून घेतलं त्यानं.
मग सगळ्यांनी मिळून ठरवलं:
दहापैकी चार.