वीस किलोंचा काटा

सस्कॅचेवानच्या धान्यकोठारापाशी
लेस्या ट्रक तोलते:
भरलेला, मग रिकामा.
वजाबाकीत गहू उरतो.

गोळ्यांचं गणित असं जुळत नाही.
डबीवर ज्वाळा, आत हिरवा चहा, मिरची, कॅफीन;
तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत:
कमी खा, रोज चाला.
"मग तू कशाला?" तिनं डबीला विचारलं होतं,
रात्री तीनला, छाती धडधडताना.

तीन महिने. घरचा काटा किलोभर खाली,
मग सव्वा किलो वर.

आज शेवटचा ट्रक गेल्यावर
ती स्वतःच लोखंडी पाटावर चढली, बुटांसकट.
ऐंशी.
मे महिन्यातही ऐंशीच होतं.
डबी खाली ठेवली, उचलली: ऐंशीच.
हा काटा वीस किलोंखालचं
काही मनाला लावून घेत नाही.