शून्य शून्य चार

वेल्शपूलच्या पुढे रुळांवर मेंढ्या आल्या
म्हणून शेवटची गाडी एकेचाळीस मिनिटं उभी राहिली
काळोखात.
ड्रायव्हर आणि मी खाली उतरलो टॉर्च घेऊन.
त्याने वेल्शमधून शिव्या घातल्या, मी इंग्रजीतून,
मेंढ्यांना दोन्ही कळत नसाव्यात.

तिथेच सगळा घोळ झाला.
एरवी मी त्या दोघांचं कार्ड अकराच्या आत पाहिलं असतं,
मान डोलावली असती, पुढे सरकलो असतो.

दुसरा डबा. टेबलाच्या अल्याड एक, पल्याड एक.
मेरेरिड आणि टुडुर: नावं कार्डावरच होती,
फोटोही, शेजारी शेजारी,
एकाच दुकानात एकाच दुपारी काढलेले,
दोघांच्या मागे तोच निळा पडदा.
दोघं मिळून गेलात तर तिकिटात तिसरा हिस्सा सूट.
मिळून. एकट्याला छदाम नाही.

मुदत: आजपर्यंत.
आणि माझ्या मशीनवर
शून्य शून्य चार.

‘संपलंय हे,’ मी म्हणालो.
‘तिकीट पहाटे साडेचारपर्यंत चालतं,’ तो म्हणाला,
‘आणि निघालो तेव्हा कार्ड जिवंत होतं.’
ती खिडकीतून बाहेर बघत होती, तशीच म्हणाली,
‘निघालो तेव्हा बरंच काही जिवंत होतं, टुडुर.’
आणि तिलाच हसू फुटलं.

मग कळलं ते असं:
मार्चपासून वेगळी राहतात.
श्रूजबरीच्या वकिलाकडे सह्या करायला गेली होती
काडीमोडाच्या कागदांवर,
जाताना मिळून, येताना मिळून.
‘सूट कशाला सोडायची,’ हे तिचंच म्हणणं.
डब्यातली सँडविचेससुद्धा तिनेच केलेली,
एक उरलं होतं. दोघंही त्याला हात लावत नव्हती.

आता रेल्वेचा दिवस बाराला संपत नाही.
तो रेंगाळतो,
बेकरीवाला शटर उचलेपर्यंत.
कार्डाचा दिवस मात्र भिंतीवरच्या घड्याळाचा,
बाराच्या ठोक्याला मेला.
मधले साडेचार तास कोणाच्याच वहीत नसतात.
अठरा वर्षं मी त्याच तासांत नोकरी करतोय.
माझी आई त्याच तासांत गेली:
दाखल्यावर एक तारीख आहे, दगडावर दुसरी,
आणि फुलं घेऊन कधी जायचं
यावरून बहीण आणि मी दर वर्षी भांडतो.

कार्ड कालचं, तिकीट आजचं,
आणि ही दोघं परवाची.
गेलेल्या परवाची की येणाऱ्या,
मला सांगता येईना.

मशीनने फरक काढला: माणशी अकरा पौंड साठ.
‘दोघांचे मी देतो.’
‘माझे मी देईन.’
‘अगं, अकरा पौंड आहेत.’
‘तेच म्हणते मी, अकराच आहेत.’
गाडीच्या डाव्या बाजूला टेकड्या, उजवीकडे समुद्र,
दिसत कोणीच नव्हतं.
मी मशीन खिशात घातलं.
म्हणालो, मेंढ्यांचा उशीर रेल्वेच्या खात्यावर.
असा काही नियम आहे का, मला विचारू नका.

आणि मग, अठरा वर्षांची खोड,
तोंडातून निघून गेलं:
‘नवीन काढणार ना? सोपं आहे, फोटो तेच चालतील.’

बोर्थच्या फाटकावर घंटी वाजत राहिली.
दोघं माझ्याकडे बघत होती,
शेजारी शेजारी नाही,
तरी अगदी त्या निळ्या पडद्यासमोर बसल्यासारखी,
हलू नका म्हटल्यावर माणसं बसतात तशी.

ॲबरिस्टविथला शून्य शून्य सतरा.
ती पुढे, तो चार पावलं मागे, सँडविचचा डबा त्याच्या हातात.
स्टेशनाबाहेर एकच टॅक्सी उभी होती.
पुढचं मी पाहिलं नाही.
मला डबे तपासायचे होते, दिवे मालवायचे होते,
आणि कोणाची तरी छत्री राहिली होती.