आठ बायका, सात सायकली

लार्ग्जच्या धक्क्यावरून दहा मिनिटांचा समुद्र.
थर्मासचं झाकण फिरवून चहा ओतेपर्यंत
बेट येतंसुद्धा.
तेवढ्यात नेटाला पट्टा घालायचा म्हणे, गुलाबी,
‘नवरी’ अशा चमकी अक्षरांचा.
ही तिच्या लोर्नाची सूचना.
मी वहीत लिहिली, पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

नवरी एकसष्टची.
शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं
एकच पातेलं आम्ही दोन कानांनी उचललं.
आर्ची क्रेन चालवायचा, आता टोमॅटो लावतो.
त्याने विचारलं बसस्टॉपवर,
हिने हो म्हटलं बस आल्यावर,
पायरीवरून, मागे वळून.

तर खर्च.
माणशी नव्वद पौंड, दोन रात्री, नाश्ता धरून.
रोना म्हणाली, जमेल. म्हणजे जमणार नाही.
तिचे वीस मी माझ्यात मिळवले
आणि वहीची ती दोन पानं डिंकाने चिकटवून टाकली.
ऊनाला कोपऱ्यातला पलंग, ती घोरते.
मॉरागला खिडकी, ती झोपतच नाही.
इशबेल आणि मी एका खोलीत नकोत,
कारण एकोणीसशे ब्याण्णव.
पण उरली तेवढी एकच खोली.

सायकली सात मिळाल्या.
बेटाला फेरी दहा मैलांची, फारसा चढ नाही,
आजीबाईंनाही जमते, दुकानदार फोनवर म्हणाला.
मी विचारलं, कुठल्या आजीबाई?
तो गप्प झाला, आणि सायकलमागे दोन पौंड कमी केले.
आठवी ऊना, गुडघ्याची. ती मगरीपाशी बसेल.
मगर म्हणजे किनाऱ्यावरचा खडक, रंगवलेला,
दात पांढरे, जबडा लाल.
दोघी मिळून सँडविचं राखतील.

आता ते भांडं.

आमच्या नदीकाठी रीत होती,
लग्नाआधी कारखान्यातल्या पोरी
नवरीला कागदी फुलांनी मढवायच्या,
हातात पलंगाखालचं चिनी मातीचं भांडं,
होय, तेच, रात्रीचं,
त्यात मीठ, मिठावर लोकांनी टाकलेली चिल्लर,
झाकणं बडवत मिरवणूक,
आणि शेवटी नवरीने त्यावरून उडी मारायची.
नेटाने मारली होती, चौऱ्याऐंशी साली, ग्रीनॉकला.
टाच लागली. भांडं कलंडलं.
मीठ पार गटाराच्या जाळीपर्यंत.
आम्ही हसलो, मोठमोठ्याने,
कोणाला काही वाटायच्या आत.

त्यानंतरची अकरा वर्षं
ती जुलैमध्येही लांब बाह्या घालायची.
त्याला वहीत रकाना नाही.

भांडं माझ्याकडेच राहिलं. कडेचा टवका उडालेलं.
परसात त्यात पुदिना लावलेला, माजलाय नुसता.
काल रात्री तो उपटून बादलीत ठेवला,
भांडं तीनदा घासलं,
मग ते मांडीवर घेऊन बसून राहिले.
न सांगता न्यावं? की विचारावं?
विचारलं.

पलीकडे बराच वेळ नुसता टीव्ही,
हवामान सांगत होते:
शुक्रवारी वारा, बोटी रद्द होऊ शकतात.
मग नेटा म्हणाली, “आण.
पट्टाबिट्टा राहू दे, ते आण.
उडी नाही मारणार हं. ओलांडेन. सावकाश.
दोन बाजूंनी कोणीतरी हात धरा.”
आणि मीठ? मी विचारलं, किलोभर पुरेल?
“मीठ कसलं वाहून नेतेस गं,
चारी बाजूंनी समुद्र आहे तिथे.”

वहीत मीठ खोडलं.
उजवा हात: मी.
डावा हात: इशबेल. खोडलं. पुन्हा लिहिलं.
शुक्रवारच्या बोटीसमोर शनिवारची पहिली बोट,
कंसात.
लोर्नाला पट्ट्याचं कोण सांगणार, ते ठरायचंय.

पुदिना अजून बादलीतच आहे.
त्याला दुसरं काहीतरी बघायला हवं.