अर्ध्या तासाच्या आत

डबी शर्टाच्या आत, बनियनला लागून,
डाव्या काखेत दाबून धरलीय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगाची ऊब राहू द्या,
आणि अर्ध्या तासाच्या आत आणा.
धनकवडी ते टिळक रोड.
बारा वर्षं मी याच रस्त्यावर बस चालवतो,
आज चौथ्या सीटवर बसलोय खिडकीपाशी,
आणि पद्मावतीला एक म्हातारी चढतेय,
पिशवी आधी, मग गुडघा, मग दुसरी पिशवी,
आणि मी मनातल्या मनात
माझ्याच खात्याला शिव्या घालतोय.

ड्रायव्हर नवा आहे, ओळखत नाही. बरं झालं.
कंडक्टर भिलारे मात्र ओळखतो.
"काय पाव्हणं, आज मागं? हात का असा धरलाय? छातीत दुखतंय काय?"
मी म्हटलं, हो, थोडं.

कांचनची सहा वर्षं तपासणी चालली.
नळ्या, रक्त, दर महिन्याला सोनोग्राफी,
रास्ता पेठेतल्या वैद्याचा काढा,
सोमवार, ते झाल्यावर गुरुवार.
फाईल फुगत गेली,
इतकी की रबरबँड पुरेना.
त्या अख्ख्या फाईलीत माझी एकच ओळ,
पतीचे नाव.
माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.
मला मिशी होती, आवाज होता,
एका हातानं गिअर टाकायचो.
चुलतभावाच्या घरी ओटी भरायला
सगळ्या बायकांना हाका गेल्या, हिला गेली नाही,
तेव्हा मी बाहेर मांडवात
पुडी फोडत होतो.

परवा पहिल्यांदा कुणी मला विचारलं.
दिवसाला किती तास बसून? इंजिन कुठे असतं?
तंबाखू किती? झोप किती?
अंघोळीचं पाणी कसं लागतं?
मी लॉगशीट भरावी तसा सांगत गेलो.
जुन्या गाडीचं बॉनेट मांडीशी तापतं, बाई,
वर डबा ठेवला तर दुपारी भाजी गरम मिळते.
हे मी हसत सांगितलं. त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, देवानं ते अंगाबाहेर का ठेवलंय,
विचार केलाय कधी? गारवा लागतो त्याला.
नाही केला.
रेडिएटरचा केलाय.
काटा वर गेला की मी गाडी बाजूला घेतो,
झाकण फडक्यानं धरून हळूहळू सोडतो,
लोक आपापल्या बाटल्या पुढे करतात.

आणि म्हणाल्या, एक खेप तयार व्हायला
अडीच महिने लागतात.
म्हणजे काखेतलं हे
शिमग्याच्या सुमाराला डेपोतून निघालंय.
तेव्हा मी काय करत होतो?
डबल ड्युटी. रात्री घरी न जाता
शेवटच्या लांब सीटवर पाय दुमडून झोपायचो,
डासांसाठी सिगारेट, जागं राहायला तंबाखू,
आणि कांचनचा फोन आला की म्हणायचो,
गाडी लागलीय, ठेव.
ते सगळं आता या डबीत असेल का?
काचेखाली दिसतं का तसलं काही?
बाईंनी वचन दिलेलं नाही.
सोडून बघा म्हणाल्या, अडीच महिन्यांनी परत या.
सोडूनसुद्धा होईलच असं नाही, हेही म्हणाल्या,
तेवढ्यासाठी मला त्या आवडल्या.

लक्ष्मीनारायणच्या सिग्नलला नव्वद सेकंद.
मी आयुष्यात पहिल्यांदा आकडे मोजले.
स्वारगेटला भिलारे काही न विचारता घंटी दोनदा ओढतो,
"चला, चला, पेशंट आहे गाडीत."
आणि कधी नव्हे ते स्टॉप सोडून
लॅबच्या थेट समोर गाडी थांबते.
त्याला काय कळलं, मी विचारलं नाही.

चोवीस मिनिटं.
खिडकीतल्या पोरीनं हातमोजा घालून डबी घेतली,
लेबलवर वेळ लिहिली, फॉर्म सरकवला.
पेशंटचे नाव.
मी सवयीनं लिहिलं, कांचन.
मग खोडलं.
पोरगी म्हणाली, खाडाखोड चालत नाही, दुसरा घ्या.
दुसऱ्यावर मी माझं नाव लिहिलं, पूर्ण,
वडिलांच्या नावासकट.
उजव्या खिशात पुडी होतीच.
अर्धी. अजून आहे.