वेतांची वही

वही सरकारी, रकाने आठ.
शेळीचा नंबर. वय. कितवं वेत.
करडं किती. जन्माचं वजन.
दोन वेतांमधले दिवस. ऋतू.
आठवा सगळ्यात अरुंद:
कारण.

झिग्बोदी म्हणाली, बस. आधी पाणी पी.
कॅलॅबॅशमधलं पाणी पिऊन होईस्तो
तिनं माझ्या वहीकडे पाहिलंच नाही.
अंगणात तिची गुडघ्याएवढी माणसं
कसावाच्या सालांवरून भांडत होती.

नंबर काय हिचा?
ही फीची. हिच्या करडांवर
एलिकेमचं शाळेचं वर्ष निघालं.
वय?
लाँच बुडाली त्या वर्षी पाट होती.
मी लिहिलं: सहा, अंदाजे.

पहिल्या वेताला एकच, तेही मुठीएवढं,
शेळीच अजून पोर होती, तिला कुठून सुचणार?
दुसऱ्याला जुळी. तिसऱ्याला तिळी,
दोन सड आणि तीन तोंडं,
धाकट्याला मी बाटलीनं पाजलं, तरी गेलं.
चौथ्या वेळी गाभडली.
हरमॅटन सुटला होता, धुळीनं सूर्य दुधाळ,
झाडावर पान नाही,
पोटात तिच्या काय राहणार?

मी भराभर लिहीत होते.
झिग्बोदी बोलत होती तेव्हा
सातव्या रकान्यातला ऋतू
माझ्या ओठांना खरखरत होता.

मग ती काळी, पाठीवर पांढरा पट्टा.
दोन वेतांत चारशे अकरा दिवस.
मी हिशेब पुन्हा केला. चारशे अकराच.
आजारी होती?
नाही.
भाकड?
तुझी जीभ भाकड.

गावात बोकड एकच होता, आग्बेलीचा.
त्याचा वास वाऱ्यावर आला
की दाव्याला बांधलेल्यासुद्धा शेपट्या हलवायच्या.
आग्बेलीचा बाप वारला. लोमेहून पाहुणे,
लाल-काळे कपडे, तीन रात्री ढोल.
दुसऱ्या दिवशी रश्शात बोकड.
मीही दोनदा वाढून घेतला.
चांगला माणूस होता गं म्हातारा.

त्यानंतर पेरणी. मोकळी शेळी दिसली की दंड.
ही महिन्याला एकदा माजावर यायची,
खुंट्याभोवती फिरून फिरून
दावं आखूड करून घ्यायची,
रात्रभर ओरडायची.
शेजारीण म्हणे, गप्प कर तिला.
कशानं करू?

आठव्या रकान्यात मी लिहिलं:
नर उपलब्ध नाही.
तेवढंच मावलं.

निघताना काळी आडवी झाली.
तराजू पुन्हा पिशवीतून काढला.
पहिलं एक किलो शंभर. दुसरं नऊशे.
जार पडायची वाट बघत बसलो
तर त्याआधी तिसरं आलं,
ओल्या मोज्यासारखं, आवाज नाही.
झिग्बोदीनं त्याचं नाक तोंडात धरून ओढलं,
थुंकली, गवतानं घासलं,
मागचे पाय धरून हवेत झुलवलं.
शिंक आली. एवढीशी.

सहाशे चाळीस, मी म्हणाले,
आणि पेन उघडलं.
तिनं चिकट हात वहीवर ठेवला.
आत्ता नको.
सकाळपर्यंत त्याला लिहू नकोस.

हो गावातल्या ऑफिसात साहेबांनी विचारलं,
ही ओळ अर्धी का?
आणि हा डाग?
मी म्हटलं, येत्या मंगळवारी
मला पुन्हा तिकडे जायचंय.